घट्ट रक्ताचा भाऊ

"अठरा पॉइंट नऊ," आई फोनवर उत्तममामाला सांगत होती. "खोटं कशाला सांगू. आपल्या घराण्यात बाराच्या वर कुणी गेलंय का, तूच सांग."

फोन मी तिच्या कानाशी धरून उभा होतो, कारण तिचे दोन्ही हात करंज्यांच्या पिठात होते. रविवारी शलाकाताईचं लग्न होतं आणि आमच्या तासगावच्या घरात गुरुवारपासूनच पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडून मामानं विचारलं असावं, की अठरा काय, पाहुणे का लाडू. आई म्हणाली, "हिमोग्लोबिन," आणि ते तिनं अशा थाटात सांगितलं, की करंज्या वळणाऱ्या दोन्ही काकूंनी हात थांबवून माझ्याकडं बघितलं. बोर्डात आलेल्या पोराकडं बघतात तसं.

यात आईची चूक नव्हती. आमच्या घरातल्या बायकांना रक्त कमीच असायचं. आजीचं सात, मावशीचं नऊ, आईचं आठ. कुणी जिना चढून वर आलं की आधी पाच मिनिटं भिंतीला धरून उभं राहायचं आणि मग कशाला आलो ते सांगायचं. रक्त कमी असणं हा आमच्याकडं आजार नव्हता, कुलाचार होता. मलाही वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याच बायकांत मोजत होते. शाळेत नर्सबाई आल्या की माझी खालची पापणी ओढून बघायच्या आणि पुढच्या मुलीकडं जायच्या.

मग मी सगळ्यांना बसवून सांगितलं, की मोजणीत चूक झालीय. मी मुलगी नाही. मिरजेच्या डॉक्टर मगदूम मॅडमकडं रीतसर जाऊन टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली आणि नवं नाव घेतलं. मला पृथ्वीराज हवं होतं. ताई म्हणाली, स्टँडवर कुणी तुला पूर्ण हाक मारेपर्यंत तुझी एसटी विट्याला पोचेल. मग निनाद ठेवलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. माझा आवाज फुटला, मिशीनं अर्ज केला आणि बऱ्याच दिवसांनी तो मंजूरही झाला. सांगलीत एका फ्लेक्सच्या दुकानात मी पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बोर्ड बनवायचो आणि पोटभाडेकरूसारखा दोन मित्रांच्या खोलीत राहायचो. ताईनं पहिल्याच आठवड्यात मला 'निन्या' करून टाकलं. आईनं मात्र या दोन वर्षांत काहीच केलं नव्हतं. रागावली नाही, रडली नाही, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती माझ्याशी अशी बोलायची, 'जेवण झालं का', 'कधी निघायचं'. म्हणजे जेवलास की जेवलीस, निघालास की निघालीस, या भानगडीत पडायला नको. दर पंधरा दिवसांनी मात्र तासगावच्या एसटीतून अळिवाच्या लाडवांचा डबा यायचा. अळिवाचे लाडू आमच्याकडं बाळंतिणीला देतात. खोलीवरचे मित्र ते बघून मला विचारायचे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना. मी हसायचो आणि खायचो. पण आतून मला वाटायचं, ही अजून मला पोरगीच समजून खायला घालतेय.

आणि रविवारी माझं तिच्याकडंच काम होतं.

लग्नात होमाच्या वेळी वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. आमच्या बहिणीला नीट सांभाळा, नाहीतर आम्ही आहोत, असा त्याचा अर्थ. मग नवऱ्याकडचे त्या भावाला आहेर करतात. सगळ्या लग्नात भावाला एवढंच एक काम असतं, पण ते भावालाच असतं. ताईनं मला साखरपुड्याच्या दिवशीच सांगितलं होतं, की हर्षदचा कान तूच पिळायचास. हर्षदला तिनं माझ्याबद्दल सगळं सांगितलेलं होतं. तो म्हणाला म्हणे, पिळू दे, पण डाव्या कानात मला थोडं कमी ऐकू येतं, तेवढा वाचवा.

अडचण मामाची होती. वडील गेल्यापासून आमच्या घरातले निर्णय मामा घ्यायचा. तो विकास सोसायटीचा चेअरमन होता, त्यामुळं त्याला कुठंही दोन बाजू दिसल्या की तो मध्ये तडजोड घालायचा. त्याचं म्हणणं, कान त्याच्या विश्वजितनं पिळावा. मामेभाऊसुद्धा भाऊच, शिवाय व्यायामशाळेत जातो. आणि माझं मन मोडू नये म्हणून मी करवली व्हावं, पण झब्बा घालून. नवरीच्या मागं हातात करा घेऊन उभं राहायचं, वर नारळ असलेला. मामाच्या मते यात दोन्ही पक्षांचा सन्मान राखला जात होता.

शेवटी ठरलं, की आई म्हणेल ते. आई म्हणाली, "बघू."

मामानं जाता जाता मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली होती. त्या इंजेक्शनांनी तब्येतीचं काही उद्‌भवलं, तर मग कान-बिन सोड, मी कुणाचं ऐकून घेणार नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त खात्री होती, की काहीतरी उद्‌भवणार.

तर गुरुवारी ते उद्‌भवलं. आईनं अठरा पॉइंट नऊ वाचलं, पण त्याच रिपोर्टात खाली आणखी एक आकडा होता. हेमॅटोक्रिट, छप्पन टक्के. ठळक अक्षरात, आणि शेजारी वर जाणारा बाण. बाण वर जातोय म्हटल्यावर मला तर बरंच वाटलं होतं. तासाभरात मगदूम मॅडमचा फोन आला, की असशील तिथून निघ आणि ये.

मी मिरजेला पोचलो. मॅडमनी रिपोर्ट समोर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"डोकं दुखतं का?"

"लग्नघर आहे मॅडम. सगळ्यांचंच दुखतंय."

"चेहरा असा लाल कधीपासून आहे?"

मी म्हटलं, महिनाभर. काकू म्हणतात, तेज आलंय.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, की रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, त्याचं हे माप. पुरुषांत पन्नासच्या आसपास त्याची हद्द संपते आणि चौपन्नच्या वर गेलं की त्या स्वतः इंजेक्शन थांबवतात. मी म्हटलं, म्हणजे मी पुरुषांच्याही पुढं गेलो. त्या म्हणाल्या, पुढं गेलेल्यांचं रक्त घट्ट होतं, मग पायात गाठ होते, फुफ्फुसात जाते, मेंदूत जाते. मग माझी गंमत करायची इच्छा जरा कमी झाली.

त्यांनी विचारलं, सिगरेट? नाही. झोपेत घोरतोस? मित्र म्हणतात नाही, पण ते स्वतःच एवढं घोरतात की त्यांची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही. पाणी पितोस? आठवलं की पितो. लोहाच्या गोळ्या, टॉनिक? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, मॅडम, आयुष्यात नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "इंजेक्शन सुरू केलं की शरीर पेशींचं गाळप सुरू करतं. ते अपेक्षितच आहे, म्हणून तर आपण दर तीन महिन्यांनी तपासतो. पण मागच्या वेळी तू एकोणपन्नासवर होतास. एवढं गाळप व्हायला ऊस कुठून येतोय, ते कळत नाही मला."

सांगली जिल्ह्यातले डॉक्टर असे समजावतात. मला लगेच कळलं.

त्यांनी निर्णय दिला. सोमवारचं इंजेक्शन आता रद्द. पुढं कमी डोस, पण थोड्या थोड्या अंतरानं. पाणी भरपूर. आणि उद्याच्या उद्या रक्तपेढीत जाऊन एक पिशवी रक्त काढून टाकायचं. मी विचारलं, रविवारी उभं राहता येईल ना. त्या म्हणाल्या, राहशील, पण उपाशी राहू नकोस आणि उन्हातान्हात फिरू नकोस. छातीत दुखलं, दम लागला किंवा एक पाय सुजला तर लग्न सोडून तसाच दवाखान्यात ये. सोबत घरचं मोठं माणूस आण, एवढं बजावलं.

घरचं मोठं माणूस म्हटल्यावर माझ्यापुढं मोठा प्रश्न उभा राहिला. मामाला कळलं की संपलं. मी रात्रभर मनात त्याच्यापुढं वकिली केली आणि प्रत्येक वेळी हरलो. सकाळी ताईला कोपऱ्यात गाठून सांगितलं. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी होती. ती म्हणाली, मी येते, फक्त मला जीपचं दार उघडायला आणि नाक खाजवायला माणूस लागेल. आम्ही ते माणूस कोण असावं यावर विचार करत होतो, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "चप्पल घालते. चला."

ती किती वेळ मागं उभी होती, देव जाणे.

वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये ती माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसली आणि मिरजेपर्यंत तिनं एवढंच विचारलं, की फार दुखतं का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं." माझ्या मनात मात्र कालपासून जमवलेलं सगळं भाषण येऊन उभं होतं. आई, मामाला सांगू नकोस. आई, कान मलाच पिळू दे. पण आमच्या दोघांच्या पायांमध्ये कुणा प्रवाशाचा बोकड बसलेला होता, आणि त्याच्यादेखत मला ते काढता आलं नाही.

रक्तपेढीत आवटी नावाचे गृहस्थ होते. शांत माणूस. त्यांनी मला खाटेवर झोपवलं, दंडाला पट्टा बांधला आणि सुई घातली. रक्त निघालं ते काळपट, काकवीसारखं. पिशवी एका छोट्या यंत्रावर ठेवलेली होती आणि ते यंत्र तिला पाळण्यासारखं झुलवत होतं. आई त्या पाळण्याकडं एकटक बघत होती.

"कुणाला देणार हो हे?" तिनं विचारलं.

आवटी म्हणाले, कुणालाच नाही. हे दान नाही, उपचार म्हणून काढलेलं आहे. टाकून द्यायचं.

आईला वाटलं ते गंमत करतायत. तिनं थोडं हसून घेतलं. मग तिला कळलं, की नाही करत.

"अठरा पॉइंट नऊचं आहे ते," ती म्हणाली.

"माहीत आहे, मावशी."

"मला लावा मग. माझं आठ आहे. गट एकच आहे आमचा, बी पॉझिटिव्ह."

आवटींनी तिला अत्यंत सभ्यपणे सांगितलं, की तसं करता येत नाही. आईनं तितक्याच सभ्यपणे विचारलं, की का करता येत नाही. मुलांना आईचं चालतं, मग आईला मुलांचं का नाही. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर तर जायचंय. ती शेजारच्या खाटेवर बसलीसुद्धा आणि तिनं बाही वर केली. आवटी म्हणाले, नियम आहेत, तपासण्या आहेत, डॉक्टरांची सही लागते. आईनं थोडा विचार केला आणि ती खाली उतरली. मग म्हणाली, निदान पिशवी घरी द्या, आमच्या परड्यात द्राक्षाचे दोन वेल आहेत, त्यांच्या मुळात घालते.

मी खाटेवर पडल्या पडल्या म्हटलं, आई, मी अजून इथं आहे.

"मावशी, हे जैविक कचऱ्यात जातं," आवटी म्हणाले. "नियमच तसा आहे."

कचरा म्हटल्यावर आईचा चेहरा पडला. ती स्टुलावर बसली, पदर दोन्ही हातांत घट्ट धरला आणि आवटींकडं नाही, त्या पिशवीकडं बघून म्हणाली, "दोन वर्षं कष्टानं भरलंय मी ते."

मी मान वळवली. "काय भरलंस?"

तिनं पिशवीवरची नजर काढली नाही. मग आवटींनीच विचारलं, आणि अनोळखी माणसानं विचारलं म्हणून ती सांगायला लागली. अळिवाच्या लाडवात तिनं खारीक घातली होती, काळे मनुके घातले होते, तीळ घातले होते. पण त्यानं किती होणार. म्हणून गुळाच्या पाकात ती लाल गोळ्या कुटून घालायची. सरकारी दवाखान्यातल्या, लोहाच्या. एका लाडवाला एक.

"कुणाच्या गोळ्या?" मी विचारलं.

"माझ्याच. दवाखान्यातली आशाताई आणून देते दर महिन्याला. रक्त कमी आहे म्हणून."

आवटींच्या हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला. मी मनातल्या मनात बेरीज करून बघितली. तिचं आठ, माझं जवळजवळ एकोणीस. सरासरी काढली असती तर आमचं घर ठणठणीत होतं.

"अगं, पण का?" मी म्हटलं. "मला विचारायचंस तरी."

तिनं पदराची घडी घातली, मोडली आणि परत घातली.

"तू पहिल्यांदा झालास तेव्हा माझं रक्त गेलं," ती म्हणाली. "घागरभर. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आता परत होतोयस तर या वेळी तुझं तुलाच व्हायला लागतंय. मला काही करता येईना. म्हटलं, रक्त तरी कमी पडायला नको."

यंत्राची टिकटिक थांबली. पिशवी भरली होती. आवटींनी सुई काढली, माझ्या कोपरावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली आणि आत गेले. येताना ते रक्तदात्यांसाठी ठेवलेला चहा आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आले. तो त्यांनी माझ्यापुढून नेला आणि आईच्या हातात दिला.

मी खाटेवर पालथी मूठ डोळ्यांवर ठेवून पडून होतो. आवटींनी विचारलं, चक्कर येतेय का. मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार.

जीपची वाट बघताना मी मॅडमना फोन करून सांगितलं, की ऊस कुठून येतोय ते सापडलं. त्यांनी एका लाडवाला किती गोळ्या, ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, लाडू बंद, गोळ्या ज्याच्या त्याला, आणि लग्न झाल्यावर आईंना माझ्याकडं घेऊन ये.

आता आईला एकदा एखादी गोष्ट पटली की ती पूर्णच पटते. माझ्या अंगात रक्त जास्त झालंय म्हटल्यावर तिनं शुक्रवार संध्याकाळपासून माझ्या तोंडापाशी नाकाबंदी लावली. गूळ नाही. बीट नाही. पालक नाही. तिळाची चटणी नाही. शनिवारी हळदीच्या जेवणाला सगळी पंगत पुरणपोळी खात होती आणि मी दहीभात. रविवारी सकाळी लग्नाच्या हॉलवर सगळे शिऱ्यावर तुटून पडले असताना माझ्या बशीत आईनं चार कुरमुरे ठेवले. मी म्हटलं, मॅडम म्हणाल्या होत्या उपाशी राहायचं नाही. ती म्हणाली, कुरमुरे खाल्ल्यावर कुणी उपाशी असतं का. आणि पाणी पाज, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं फार मनावर घेतलं होतं. मी फोटोग्राफरशी बोलत असलो, पाहुण्यांचे फेटे बांधत असलो, कुठंही असलो तरी मागून तांब्या यायचा.

मामाला मात्र हळदीतच कळलं होतं. हळद लावायला म्हणून काकूंनी माझी बाही वर केली आणि कोपरावरची चिकटपट्टी सगळ्यांना दिसली. त्यानंतर मामा माझ्याशी बोलला नाही. त्यानं फक्त विश्वजितला फेटा नीट बांधून घे म्हणून सांगितलं. विश्वजित माझ्याजवळ येऊन म्हणाला, "निन्या, मला नको आहे हे. मागच्या लग्नात मी कान पिळला तर त्या दाजीनं मला दोन वर्षं जेवायलाच बोलावलं नाही." पण तो मामाचा मुलगा होता, आणि त्या घरात बापाला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

आईला मी काहीच विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं की तांब्या यायचा.

अक्षता झाल्या. बँड वाजला. होम पेटला. हर्षदकडची माणसं विट्याकडची, गलाईवाली, सोनं वितळवायच्या धंद्यात तमिळनाडूपर्यंत गेलेली. मंडपात पहिल्या दोन रांगांत ती भरभक्कम माणसं आणि त्यांचे भरभक्कम कान असे बसलेले होते. ताईनं मागं वळून मला शोधलं. मी खांबाजवळ होतो. छाती धडधडत होती, आणि हेमॅटोक्रिटचा त्यात काही संबंध नव्हता.

गुरुजींनी लाह्यांचं सूप पुढं ओढलं आणि म्हणाले, वधूचे बंधू कोण, त्यांनी पुढं यावं.

मामानं विश्वजितला हळूच ढकललं. विश्वजित एक पाऊल पुढं आला. मीही आलो. आम्ही दोघं गुरुजींच्या समोर शेजारी शेजारी उभे राहिलो आणि गुरुजी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. पहिल्या रांगेतली कुजबुज थांबली. मामा पुढं येऊन खालच्या आवाजात आईला म्हणाला, "अक्का, परवा रक्त काढून आलंय ते. होमापाशी काही झालं म्हणजे? पाहुण्यांपुढं शोभा नको."

आईच्या हातात तांब्या होता. तो तिनं मामाच्या हातात दिला.

"रक्त जास्त झालं म्हणून काढलं, कमी पडलं म्हणून नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मंडपात दुसरा आवाजच नव्हता. "माझा मुलगा आहे तो. कान तोच पिळणार. तुझ्या विशूला एवढीच हौस असली तर नारळाचा करा रिकामा आहे अजून."

पहिल्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या रांगेतून. विश्वजित सगळ्यांत आधी हसला आणि चटकन बाजूला सरला. मामा तांब्या धरून उभा राहिला. त्यात त्यालाही तडजोड सापडली नाही. थोड्या वेळानं त्यानं त्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

मी ताईच्या शेजारी जाऊन तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या. तिनं त्या होमात सोडल्या. परत घातल्या. धूर सरळ माझ्याकडं येत होता. समोर जाळ, अंगावर झब्बा, डोक्यावर फेटा, आणि पोटात चार कुरमुरे. गुरुजी म्हणाले, आता कान धरा.

मी हर्षदचा उजवा कान धरला. आणि त्याच क्षणी माझ्यासमोरचा मंडप डावीकडं कलायला लागला.

आधी जाळ गेला, मग गुरुजी गेले, मग पहिली रांग गेली. सगळं पिवळं-हिरवं झालं. एक कान तेवढा राहिला. बाकी जगात धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्या कानाला माझ्या अंगाच्या सगळ्या वजनानिशी धरलं. हर्षद माझ्याबरोबर वाकला. मी डावीकडं झुकलो की तो डावीकडं, मी उजवीकडं झुकलो की तो उजवीकडं. कुणीतरी शिट्टी मारली. विट्याची मंडळी उठून उभी राहिली. त्यांच्यातल्या एका जाडजूड म्हाताऱ्यानं शेजारच्याला सांगितलेलं मला लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू आलं, "भाऊ बघा कसला आहे. आपल्या पोराचं काय खरं नाही."

मग हळूहळू रंग परत आले. जाळ जागेवर आला, गुरुजी आले. ताई तोंडावर शालू दाबून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. आई होमाच्या पलीकडं उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान किंचित हलवली. एकदाच. बाजारात भाव पटल्यावर हलवतात तेवढी.

हर्षदचा कान लाल झाला होता. तो कसाबसा मान वळवून, मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मेहुणे, सोडा की आता."

तोवर मला कुणी मेहुणे म्हटलेलं नव्हतं.

चक्कर केव्हाच गेली होती. मी आणखी जरा वेळ धरून ठेवला.